खराब शांतता

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे वर चढण्याचा इतिहास होय. माणूस गुहेतून डोंगरावर गेला, डोंगरावरून ढगांत गेला, ढगांतून चंद्रावर गेला. आणि या प्रत्येक झेपेच्या मुळाशी, नीट पाहिलं तर, एक शिडी उभी असते.

हे वाक्य मी चार दिवस खपून लिहिलं. माझ्या भाचीने ते एकदा मनात वाचलं, मग मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "मामा, चौदा सेकंद."

"म्हणजे चांगलं आहे ना?"

"म्हणजे चौदा सेकंद पडद्यावर शिडी नुसती उभी राहणार. तेवढ्यात बघणारा उठून चहाचं आधण ठेवून येईल."

तिने पेन घेऊन मानवजात खोडली, मग डोंगर, मग चंद्र. शेवटी ‘शिडी’ एवढा एकच शब्द राहिला. तोही पुढे टिकला नाही, पण ते ओघाने येईलच.

भाची पाच वर्षं एका वाहिनीत दुसऱ्यांच्या कार्यक्रमांची कापाकापी करत होती. सहा महिन्यांपूर्वी तिने ती नोकरी सोडली आणि माझ्या घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा व्हिडिओचा व्यवसाय मांडला. त्या खोलीत पूर्वी माझी वर्तमानपत्रांतली कात्रणं राहत असत. त्यांची रवानगी माळ्यावर झाली. मला तिसऱ्या पायरीनंतर पृथ्वी फिरत असल्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळू लागतो, त्यामुळे मी त्यांना भेटायला जात नाही.

या सहा महिन्यांत तिने एक गच्ची, दोन दवाखाने आणि एका मेहुण्याच्या मेहुण्याची गाद्यांची जाहिरात एवढं चित्रित केलं. अशात वाहिनीचं पत्र आलं. परत या, वरची जागा देतो, सोमवारपर्यंत कळवा. पत्र तिने टेबलावर कागददाब्याखाली ठेवलं आणि माझ्या बहिणीचे, म्हणजे तिच्या आईचे, रोज सकाळी मला फोन सुरू झाले.

"दादा, ठरलं का तिचं?"

"नाही."

"मग तू समजाव की तिला."

"काय समजावू?"

"ते मला काय विचारतोस? मोठा भाऊ तू आहेस."

नेमक्या त्याच आठवड्यात शिड्यांचं काम आलं. गावाबाहेर लाकडी शिड्यांचा एक कारखाना होता. वडिलांनी बावन्न वर्षं चालवला, आता मुलगी बघायला लागली होती. तिला एका प्रदर्शनासाठी तीन मिनिटांची फिल्म हवी होती. ती आवडली, तर पुढे वर्षभरात बारा फिल्म, दर महिन्याला एक, एकेका प्रकारच्या शिडीवर. शिड्या बारा प्रकारच्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या अनुभवात दोनच प्रकार होते: डगमगणारी आणि शेजाऱ्यांची.

भाचीने हिशेब सरळ मांडला. "मामा, बारा फिल्म मिळाल्या तर मी वाहिनीला नाही म्हणते. शनिवारी त्या दोघांना फिल्म दाखवायची. नाही आवडली, तर सोमवारी गळ्यात पुन्हा ओळखपत्र."

"आणि ही खोली?"

"तुमची कात्रणं खाली येतील."

त्या क्षणी मला कळलं की ही फिल्म चांगली व्हावी असं मला मनापासून वाटतं. कात्रणं काय, माळ्यावर सुखात होती.

शूटिंगच्या आधी ती दोनदा कारखान्यात जाऊन आली. कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं, कुठलं यंत्र किती गोंगाट करतं, सगळं वहीत लिहून आली. मग एक्केचाळीस शॉट्सची यादी केली. घराण्यात इतकं नियोजन यापूर्वी फक्त तिच्या आजीने केलं होतं, तेही कोणाशी बोलायचं नाही याचं.

तिच्या हाताखाली दोनच माणसं. कॅमेरा चालवणारा उंच, काटकुळा, आणि शॉट घेताना नकळत एक पाय वर घेऊन उभा राहणारा. त्याला सगळे बगळा म्हणतात. आवाज रेकॉर्ड करणारी मुलगी हेडफोन घालूनच जन्माला आली असावी; तिला सगळे कान म्हणतात. ‘कान आली का?’ ‘कान जेवली का?’ असं आमच्याकडे चालतं. आणि चौथा मी, लेखक. घरात लिहिणारा आयता सापडला की बाहेर कोण शोधतो?

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. लाकडाच्या भुशाचा वास, गरम सरसाचं भांडं, रंधा मारणारे दोन सुतार. तयार शिड्या दोन्ही भिंतींना टेकून उभ्या. काका, म्हणजे ते बावन्न वर्षंवाले, बुटके, मनगटापर्यंत बटणं लावलेले, कानावर पेन्सिल. ते डाव्या भिंतीची एक शिडी घ्यायचे, मधोमध उभी करायचे आणि पायरी पायरी करत टोकापर्यंत चढायचे. वर दोन क्षण समोर बघत थांबायचे. मग उतरून सगळ्यांत खालच्या पायरीवर निळ्या खडूने एक टिक करायचे आणि शिडी उजव्या भिंतीला नेऊन लावायचे. मग पुढची.

काकांच्या मुलीने भाचीला बाजूला घेतलं. "बाबांचं ते चढणं घेऊ नका हं. पंच्याहत्तर झाली, तरी ऐकत नाहीत. पुढच्या महिन्यापासून मी ते बंदच करणार आहे. तपासायला यंत्र येतंय."

भाचीने मान डोलावली, आणि बगळ्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "ते सगळं घे." मान डोलावणं म्हणजे होकार नव्हे, ही आमच्या घरची जुनी रीत आहे.

बगळ्याला एक दिवा वर तुळईला बांधायचा होता आणि स्टँड पुरत नव्हता. शंभर शिड्यांच्या कारखान्यात आम्ही शिडी न आणता आलो होतो. त्याने हाताशी आली ती, डावीकडची, एक उचलली, दिवा बांधला आणि शिडी तिथेच बाजूला ठेवली.

मग मुलाखत. काकांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, कॉलरला माइक लावला. त्यांनी पाठ अशी ताठ केली की जणू आता कोणी त्यांनाच भिंतीला टेकवून ठेवणार आहे.

"काका, शिडी कशी तयार होते?" भाचीने विचारलं.

"लाकडाची."

"म्हणजे, सुरुवात कुठून होते?"

"खालून."

"बावन्न वर्षं तुम्ही हेच काम करताय. मागे वळून बघताना काय वाटतं?"

काका विचारात पडले. बगळ्याचा पाय वर गेला. कानने डोळे मिटले.

"बरं वाटतं," काका म्हणाले.

हे एकतीस मिनिटं चाललं. शेवटी भाचीने विचारलं, "तुम्हाला स्वतःहून काही सांगायचंय का?" त्यावर काकांनी सांगितलं, "नाही." त्यांची मुलगी कपाळाला हात लावून ऑफिसात निघून गेली.

"यांच्यापेक्षा शिडी बरी बोलते," बगळा कुजबुजला. तेवढ्यात ऊन उतरायला लागलं, म्हणून तो आणि भाची शेडचं बाहेरून चित्रण करायला पळाले. आत कानचं राज्य सुरू झालं.

आता इथे या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शूटिंग संपलं की ही माणसं त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतात. चेष्टा नाही. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते म्हणे. पुढे एडिटिंगमध्ये दोन वाक्यं जोडताना मध्ये फट पडते, आणि त्या फटीत त्याच खोलीची शांतता भरावी लागते. लग्नात एकाच गावची वरात असावी तसं. दुसऱ्या गावची घुसली की लगेच ओळखू येते. त्यासाठी सगळ्यांनी एक मिनिट जागच्या जागी गप्प उभं राहायचं.

सुतारांनी रंधे ठेवले. मी हात बांधले. कानने हात वर केला. सगळे माना खाली घालून उभे राहिले.

आठव्या सेकंदाला काकांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

कानने थांबवलं, समजावलं, पुन्हा हात वर केला. या वेळी वीस सेकंद गेले.

"माझी बायको अशीच गप्प बसते," काका म्हणाले. "मग मला सगळं कबूल करावं लागतं."

"काका!" कान म्हणाली. "शांतता खराब होतेय!"

"चुकलं. आता नाही बोलत."

तिसऱ्या वेळी काका बरंच बोलले; कानने कंटाळून त्यांना थांबवलंही नाही. पण कानने आधीच माझ्याकडे एक नजर टाकली होती आणि नेमका तेव्हाच माझ्या घशाशी खोकला आला होता, त्यामुळे माझं सगळं लक्ष तो गिळण्याकडे होतं. शेवटी तो सुटलाच. कानने वहीत ‘खराब’ लिहिलं आणि आम्हा दोघा ज्येष्ठ नागरिकांना शेडबाहेर काढून दार लावून घेतलं. बाहेर ओट्यावर बसून मी काकांना माझं मानवजातीचं वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, "लांब आहे."

पॅक-अप हा शब्द उच्चारला की या माणसांच्या अंगात येतं. वायरी गुंडाळतात, पेट्या आदळतात आणि डोळ्यांसमोर दिसेल ते गाडीत भरतात. घरी सामान उतरवताना मला टपावर एक शिडी दिसली.

"ही आपली?" मी विचारलं.

"आपल्याच सामानात होती," बगळा म्हणाला.

जगातल्या पुष्कळ देशांच्या सरहद्दी याच न्यायाने ठरलेल्या असल्यामुळे मी वाद घातला नाही. उलट शुक्रवारी सकाळी, घरात कोणी बघत नसताना, मी स्वतः तिच्यावर चार पायऱ्या चढलो आणि माळ्यावरच्या कात्रणांच्या खोक्याला हात लावून आलो. फार भक्कम शिडी. कुठे करकर नाही, कुठे डाग नाही, कुठे खूण नाही.

इकडे एडिटिंग रखडलं होतं. एकतीस मिनिटांच्या मुलाखतीतून अकरा सेकंद निघाले, त्यातले चार ‘बरं वाटतं’च्या आधी विचार करण्याचे होते. नाइलाजाने माझं निवेदन परत आलं. डोंगर आला, ढग आले, चंद्रसुद्धा आला. मी चेहरा गंभीर ठेवला. भाचीने दुपारी कच्ची फिल्म काकांच्या मुलीला पाठवली, आणि पंधरा मिनिटांत उत्तर आलं: ‘छान झालीय. पण कोणाच्याही शिडीची वाटते.’

भाचीने ते मला वाचून दाखवलं आणि खुर्चीत मागे टेकली. रडली-बिडली नाही. ती रडत नाही, ड्रॉवर आवरते. दोन ड्रॉवर आवरून झाल्यावर तिने कागददाब्याखालचं पत्र काढलं, वाचलं, परत ठेवलं.

"आईला काय सांगू?" ती म्हणाली.

"उद्याचा दिवस आहे अजून."

"हो. आणि दोन ठिकाणी आवाज तुटतोय. हरायचंच असेल, तर निदान आवाज तरी तुटायला नको."

मला तिचा फार अभिमान वाटला. माझे बहुतेक पराभव आवाज तुटूनच झालेले आहेत.

फटीत भरायला तिने शांततेच्या फायली उघडल्या. कानने व्यवस्थित नावं दिली होती: शांतता एक खराब, दोन खराब, तीन खराब, चार बरी. तिने ‘चार बरी’ लावली. पंख्याची घरघर आली, आणि तिच्याखाली, दाराबाहेरून आल्यासारखा, एक भारदस्त आवाज: ‘... ढगांतून चंद्रावर गेला. आणि या प्रत्येक झेपेच्या...’

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मामा, पृथ्वीवर शांतता राहिलेली एकही जागा तुम्हाला बघवत नाही का?"

"खराबमध्ये चांगले तुकडे असतील," मी म्हणालो, विषय बदलावा म्हणून.

म्हणून तिने पहिली फाइल लावली. ‘कोण गेलं?’ ती हसली, दोन दिवसांत प्रथमच. दुसरी लावली. मग तिसरी. आधी पंखा. मग काकांचा आवाज. मुलाखतीतला तो ताठ आवाज नव्हे. हा बसका, शेजारी बसून बोलल्यासारखा.

‘मी केलेली पहिली शिडी मोडली. एक रंगारी पडला. हात मोडला त्याचा. आठ दिवसांनी हात गळ्यात बांधून आला. मला वाटलं आता भांडेल. भांडला नाही. म्हणाला, दुसरी द्या, भिंत अर्धी राहिलीय. ती देताना मी आधी चढून दाखवली, त्याच्यासमोर. टोकापर्यंत. तेव्हापासून चढतो. वर दिसत काही नाही, समोर भिंतच आहे. पण थोडं थांबावं लागतं, लाकडाला खरं बोलायला वेळ द्यावा लागतो. पडायचंच असेल, तर आधी आपण पडावं.’

मग एक खोकला. माझा.

भाचीने फाइल पुन्हा ऐकली. मग बगळ्याने चोरून घेतलेला शॉट शोधला: काका चढताहेत, टोकाला थांबताहेत, समोर बघताहेत, उतरून टिक करताहेत. आवाज खाली ठेवला. जिथे ते थांबले, तिथेच वाक्यही थांबलं. तिने काही जुळवलं नव्हतं; बसलं ते आपसूक.

"मामा, निवेदन काढते."

"सगळं?"

"सगळं."

"‘शिडी’ एवढं तरी?"

"ती समोर दिसतेय, मामा."

संध्याकाळी कानने ऐकलं आणि ती दुखावली. "माझी खराब फाइल वापरणार? मागे पंखा ऐकू येतोय. शिवाय यांचा खोकला."

"पंखा राहू दे," भाची म्हणाली. "खोकलाही राहू दे. नाहीतर मामांचं काहीच उरणार नाही."

शनिवारी सकाळी दहा वाजता काका आणि त्यांची मुलगी आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पेन्सिल मात्र कानावर तीच. बगळ्याने खोलीच्या एका भिंतीवर, छतापासून, पांढरी चादर ताणून लावली होती. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि चादरीवर शेड उजळली.

तीन मिनिटं फार मोठा वेळ असतो, तुम्ही लोकांच्या पाठीमागे उभे असाल तर. रंधा, भुसा, सरस, हात. मग काका पहिल्या पायरीवर, आणि त्यांचा आवाज. मुलीची मान एकदम ताठ झाली, अगदी बापासारखी. चादरीवरचे काका टोकाला जाऊन थांबले. माझा खोकला झाला. निळी टिक झाली. अंधार.

भाचीने दिवा लावला नाही. तिचा हात बटणावरच होता.

"बाबा," मुलगी अंधारातच म्हणाली, "हे रंगाऱ्याचं मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तू गप्प कुठे बसतेस?" काका म्हणाले.

दिवा लागला. मुलीने रुमालाने नाक पुसलं आणि भाचीकडे वळून एकदम कामाचा सूर लावला. "पुढच्या बारा तुम्हीच करा. पहिली घडीच्या शिडीची. आणि बाबांचं चढणं घेऊ नका म्हटलं होतं मी."

"हो," भाची म्हणाली.

"दर फिल्ममध्ये घ्या." मग वडिलांकडे बघत: "चढा. पण तिसऱ्या पायरीपर्यंत."

"टोकापर्यंत," काका म्हणाले.

"बाबा!"

"यंत्र येऊ दे तुझं. त्याला शिडी धरायला खाली उभं करू."

भाचीने वाहिनीचं पत्र कागददाब्याखालून काढलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल स्थिर झालं. मग ती आईला फोन लावायला दाराकडे वळली, आणि मी तिला हाताने थांबवलं. कानने हेडफोन काढले होते, हे मी प्रथमच पाहत होतो. बगळा मागे चादर उतरवायला चढला होता. मुलगी बापाच्या शर्टावरचा नसलेला भुसा झटकत होती. आयुष्यात असे क्षण थोडे येतात, आणि आले तर त्यांना शोभेल असं कोणीतरी बोलावं लागतं. माझ्याकडे तर ते तयार होतं. मी घसा साफ केला.

"मानवजातीचा सगळा इतिहास—"

काकांनी हात वर केला. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या मागे बघत होते, जिथे बगळा शिडीच्या अगदी टोकावर, सवयीने एक पाय उचलून, चादरीची गाठ सोडत होता. मग त्यांची नजर पायरी पायरी करत खाली आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. तिथे निळं काहीच नव्हतं.

"त्यांना जरा सावकाश उतरायला सांगता का?" काका हळूच म्हणाले. "ती अजून मी चढून बघितलेली नाही."